पर्जन्यछायेतली रिस्लिंग

अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्री पश्चिम उतारावरच रिते करून घेतो आणि मराठवाड्याच्या वाट्याला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस येतो, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. फ्रान्सच्या पूर्व सीमेवरील अल्सास प्रांतात हेच काम व्होज पर्वतरांग करते. तिच्या आडोशाला वसलेल्या कोलमार शहरात तर मराठवाड्याहूनही कमी पाऊस पडतो. कोलमारजवळच्या रिबोव्हिले येथील ट्रिम्बाक घराणे १६२६ पासून वाइन करीत आले आहे. ‘क्लो सँत ह्यून’ ही त्यांची रिस्लिंग द्राक्षाची ख्यातनाम ड्राय व्हाइट वाइन अवघ्या १.६७ हेक्टर, म्हणजे सुमारे चार एकर, चुनखडीच्या जमिनीतून येते.

तिच्या घोटात सर्वांत आधी जाणवतो तो आंबटपणा. यीस्टने रसातली जवळजवळ सगळी साखर खाऊन तिचे अल्कोहोल केलेले असते (लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखरेतून एक टक्का अल्कोहोल तयार होते), त्यामुळे आम्लाला झाकणारा गोडवा उरत नाही. जिभेवरील विशिष्ट पेशींमधील ओटोप-१ ही प्रथिनवाहिनी आम्लातले हायड्रोजन आयन आत घेते आणि त्यातून आंबट चवीची जाणीव होते, हे २०१८-१९ मधील संशोधनातून स्पष्ट झाले. तोंडाला पाणी सुटते तेही या आम्लामुळेच.

द्राक्षात मुख्यतः दोन आम्ले असतात. टार्टारिक आम्ल म्हणजे आपल्या चिंचेतले आम्ल. ते उष्णतेला सहसा दाद देत नाही. दुसरे मॅलिक आम्ल, कच्च्या सफरचंदातले. पिकणारा मणी श्वसनासाठी ते जाळतो, आणि हवा जितकी गरम तितके ते झपाट्याने जळते. पर्जन्यछायेच्या या दोन प्रदेशांचे खरे अंतर इथे दिसते. जालना जिल्ह्यातील कडवंचीसारख्या द्राक्षाच्या गावात ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतरचे घड फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे ऊन दिवसेंदिवस चढत असताना, गोडीला येतात. अल्सासमधले घड मात्र सप्टेंबर-ऑक्टोबरात, दिवस आखडत आणि रात्री गारठत असताना पिकतात. त्यामुळे तिकडे साखर भरत जाते आणि मॅलिक आम्लही बऱ्यापैकी टिकते. हे आम्ल जिवाणूंकडून सौम्य लॅक्टिक आम्लात बदलवून घेण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. ट्रिम्बाक ती कटाक्षाने टाळतात. आपल्याकडच्या थॉमसन किंवा सोनाकाला यावरून नावे ठेवण्याचे कारण नाही, कारण ती द्राक्षे खाण्यासाठीच लावलेली असतात.

ही वाइन बाटलीत काही वर्षे मुरवूनच बाजारात आणली जाते. मुरलेल्या रिस्लिंगच्या ग्लासात नाक घातले की लिंबाच्या सालीच्या वासामागून चक्क घासलेटाची आठवण करून देणारा वास येतो, आणि पहिल्यांदा चाखणारा हमखास दचकतो. त्याला कारण टीडीएन नावाचे संयुग असून, लिटरमध्ये काही मायक्रोग्रॅम असले तरी ते नाकाला कळते. उन्हात उघड्या राहिलेल्या मण्यांमधील कॅरोटिनॉइड, म्हणजे गाजराला रंग देणाऱ्या कुळातली रंगद्रव्ये, विघटित होऊन त्याची पूर्वद्रव्ये बनतात. त्यांना स्वतःला वास नसतो. पुढे बाटलीतले आम्ल त्यांचे सावकाश रूपांतर करते आणि वास उमटतो. काहींना तो दोष वाटतो. प्रस्तुत लेखकाला तो बेताचा असेल तर आवडतो. जमिनीतल्या चुनखडीची चव थेट वाइनमध्ये उतरते, हा विक्रेत्यांचा लाडका दावा मात्र विज्ञानाला पटलेला नाही. वाइनमधली खनिजे इतकी अल्प असतात की जिभेला त्यांचा पत्ता लागणे कठीण.

चाखण्यासाठी १० ते १२ अंश सेल्सिअस तापमान योग्य ठरते. फ्रिजमधल्या चार-पाच अंशांवर सुगंधी रेणू द्रवातच अडकून राहतात आणि आम्लाचा काटा तेवढा टोचतो. उलट एप्रिलमध्ये लातुरात किंवा परभणीत पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा भरलेला ग्लास संपण्याआधीच कोमट होतो. म्हणून दोन-तीन घोटांपुरतीच वाइन ओतावी. घोट तोंडात घोळवून नाकाने श्वास सोडला, की घशामागच्या वाटेने वास पुन्हा नाकात पोहोचतो. त्याच वेळी नाक चिमटीत धरून पाहिले तर केवळ आंबट पाणी उरते.

तापमानवाढीमुळे अल्सासमधली तोडणी आता काही आठवडे अलीकडे आली असून घड अधिक उष्ण दिवसांत पिकू लागले आहेत. त्यामुळे मॅलिक आम्ल घटते आणि टीडीएन वाढण्याची शक्यता असते. उन्हापासून घडांना सावली मिळावी म्हणून वेलीवरची किती पाने ठेवायची, हा मराठवाड्यातल्या बागायतदाराला नित्याचा असलेला विचार आता तिकडच्या बागांतही करावा लागत आहे.