विणलेली पर्स, शिवलेले अस्तर : पार्श्वभूमी

नाशिकमध्ये दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत घरगुती वस्तूंची प्रदर्शने लागतात. डोंगरे वसतिगृहाच्या मैदानापासून सोसायट्यांच्या हॉलपर्यंत कुठेही गेलात तरी क्रोशाच्या पर्सचे एखादे टेबल असतेच. तिथे उभे राहिले की एक गोष्ट लक्षात येते. गिऱ्हाईक बाई पर्सचा रंग बघते, वीण बघते, आणि मग किंमत विचारण्याआधी आत हात घालते. अस्तर आहे का, चेन कुठे लावली आहे, आत कप्पा आहे का. बाहेरच्या विणीवर बोलणारे पुष्कळ आहेत. ही नोंद मुख्यतः त्या आत घातलेल्या हाताबद्दल आहे.

लांबचा इतिहास थोडक्यात. सुयांवरच्या विणकामाचे सर्वांत जुने टिकलेले नमुने इजिप्तमधले, साधारण हजारेक वर्षांपूर्वीचे, निळ्या-पांढऱ्या सुती मोज्यांचे. युरोपात अठराव्या शतकाच्या शेवटी बायकांचे झगे अंगालगत आले, घेराखाली बांधायचे खिसे लपेनात, आणि हातात धरायची छोटी पिशवी आली. त्यातल्या पुष्कळ विणलेल्या असत. क्रोशाचा मोठा प्रसार १८४०च्या दशकातल्या आयर्लंडच्या दुष्काळात झाला, कारण सुईच्या लेसपेक्षा क्रोशाची लेस लवकर होई आणि लवकर विकली जाई. मिशनच्या शाळांबरोबर हे काम हिंदुस्थानात फिरले. नाशिकजवळ शरणपूरची मिशनची वसाहत १८५४ची. अशा वसाहतींत मुलींना शिवणकाम शिकवणे ठरलेलेच होते.

आपल्याकडे त्याआधी पिशवी नव्हती असे मात्र नाही. बटवा होता, पानसुपारीची चंची होती, आणि पैसे कनवटीला होते. बटवा आणि चंची दोन्ही शिवलेल्या, दोन्ही दुहेरी कापडाच्या. बटव्याची नाडी ज्या नेफ्यातून जाते तो आतल्या-बाहेरच्या कापडामुळेच नीट बसतो. म्हणजे अस्तर आपल्याकडे पहिल्यापासून होते. वीण मात्र बाहेरून आली, आणि आली ती रुमाल, टेबलक्लॉथ, बाळाची टोपी अशा बिनअस्तराच्या वस्तूंची. या दोन परंपरा एकाच पर्समध्ये भेटायला बराच वेळ लागला.

नाशिकमध्ये त्या भेटल्या साधारण १९७० ते १९९५ या काळात, आणि मला माहीत आहे तो काळ तोच. त्याला कारणे स्थानिक होती. एक म्हणजे थंडी. निफाडचा पारा दर हिवाळ्यात बातमीत असतो. इथे घरोघरी स्वेटर लागत, म्हणून घरोघरी सुया होत्या. दुसरे म्हणजे वस्त्या. नाशिकरोडला नोटांचा आणि मुद्रांकांचा छापखाना, ओझरला विमानांचा कारखाना, देवळालीला लष्कर, सातपूरला औद्योगिक वसाहत. देशभरातून आलेल्या बायका शेजारी राहायच्या आणि दुपारी ओट्यावर एकमेकींची वीण उचलायच्या. पंजाबकडची शेजारीण सुयांत पटाईत, दक्षिणेकडची वायरच्या पिशवीत, आपली क्रोशात. तिसरे कारण म्हणजे ॲक्रिलिक. तोपर्यंत 'लोकर' हा शब्द मेंढीपासून सुटून ॲक्रिलिकला चिकटला होता. ती स्वस्त होती आणि धुतली तरी आटत नव्हती. स्वेटर झाल्यावर दीड-दोन लडी उरायच्या. त्यात दुसरा स्वेटर होत नाही, पण पर्स होते.

शाळेत कार्यानुभवाचा तास होता. १९६४-६६च्या शिक्षण आयोगाने शिफारस केलेली ही कल्पना प्रत्यक्षात बहुतेक मुलींच्या वाट्याला शिवण-टिपण आणि विणकाम म्हणून आली. हिवाळ्यातल्या मासिकांत पर्सच्या कृती छापून येत. साखळी किती, खांब किती, कुठल्या ओळीला कमी करायचे, सगळे टाक्यागणिक दिलेले असे. आणि शेवटी एक ओळ: आवडीप्रमाणे अस्तर लावावे.

त्या एका ओळीत निम्मे काम लपलेले असायचे. माझ्याकडे मावशीने १९८४च्या सुमारास केलेली एक पर्स आहे. मरून रंग, मुक्या, म्हणजे सर्वांत आखूड, खांबांची घट्ट वीण, धरायला लाकडी कड्या. पहिल्या वर्षी तिला अस्तर नव्हते. सुटे पैसे विणीतून गळायचे आणि पेनाचे टोक बाहेर यायचे, पण ती किरकोळ तक्रार. खरी तक्रार अशी की वर्षभरात पर्स वीतभर लांब झाली. वीण वजनाने ओघळते. मग मावशीने ती उसवली नाही, आत मांजरपाटाचे अस्तर घातले आणि लांबी परत वर घेतली. त्या अस्तराचा खिसा काकांच्या जुन्या टेरिकॉट पँटचा आहे. तयार खिसा, फक्त उचलून शिवलेला.

त्या काळात ज्या बायका शिवणक्लासला गेल्या होत्या त्यांना यातले गणित कळले. इतरांच्या पर्स कपाटात गेल्या. गणित असे: अस्तराची खोली विणीपेक्षा अर्धा इंच कमी ठेवायची, म्हणजे वजन कापडावर पडते, विणीवर नाही. कापड आधी पाण्यातून काढायचे, नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आटते आणि पर्सचे तोंड आत ओढले जाते. खिसा आणि चेन अस्तराला मशीनवर आधी लावून घ्यायची, कारण नंतर तिथे मशीन पोचत नाही. खांद्याला अडकवायचे बंद नुसत्या विणीला टाकायचे नाहीत. आतून कॅनव्हासची पट्टी घेऊन टाके तिच्यातून जाऊ द्यायचे. तळाला बकरम, म्हणजे कडक कापड. आणि शेवटी अस्तर वरच्या काठाला हातशिलाईने धरायचे, टाके थोडे सैल, कारण वीण ताणली जाते आणि कापड ताणले जात नाही. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री फिरवायची नाही हे तर प्रत्येकीने एकदा तरी चूक करून शिकलेले असते. वीण मरते, चिंधीसारखी लोंबते.

अस्तराचे कापडही त्या त्या काळाचे असते. आधी मांजरपाट आणि पॉपलीन, मग ब्लाउजपीसमधून उरलेले टू बाय टू, मग साटीन. साटीन दिसते छान, पण टाचणी लागली की धागा ओढला जातो आणि कडा उसवतात. हल्ली खणाचे अस्तर चालते. पर्स उघडली की आतून खण दिसतो आणि बायकांना ते आवडते. माझ्या मते हा दिखावा आहे, पण टिकाऊ दिखावा आहे.

आता शब्दांचा गुंता. मराठीत बाज विणतात, टोपली विणतात, पैठणी विणतात आणि स्वेटरही विणतात. एकच क्रियापद. येवला याच जिल्ह्यात असल्यामुळे नाशिकमध्ये 'विणकर' म्हटले की माग डोळ्यासमोर येतो, आणि सरकारी कागदातही विणकर म्हणजे हातमागवालाच. क्रोशाची सुई घेऊन बसलेली बाई विणते, पण ती विणकर नाही. ती 'हस्तकला' या दुसऱ्या कप्प्यात जाते, आणि तो कप्पा किती मोठा, यावरच गेल्या काही वर्षांतला सगळा घोळ झाला.

जुलै २०१७मध्ये जीएसटी आला तेव्हा हँडबॅगा सुटकेस आणि ट्रंकांच्या ओळीत गेल्या. ४२०२ हा करयादीतला तो क्रमांक, दर २८ टक्के. नोव्हेंबर २०१७मध्ये तो १८ झाला. विणलेल्या कापडाचे आणि विणलेल्या कपड्यांचे वेगळे विभाग त्याच यादीत आहेत. पण वीण पर्सच्या आकारात शिवली की ती त्या विभागातून बाहेर पडते आणि चामड्याच्या बॅगांशेजारी जाऊन बसते. त्या ओळीतही फोड होते ती बाहेरचा पृष्ठभाग कशाचा यावर. चामड्याचा, प्लास्टिकचा की कापडाचा. सुती आणि तागाच्या हातपिशव्यांना कमी दराची ओळ मिळाली. म्हणजे एकाच बाईने एकाच नमुन्याची पर्स ॲक्रिलिकमध्ये केली तर एक दर, सुती दोऱ्यात केली तर दुसरा. अस्तर कशाचे आहे हे यात कुठेच विचारलेले नाही.

जुलै २०१८मध्ये हस्तकलेच्या हँडबॅगा, पाउच आणि पर्ससाठी दर १२ टक्के करण्यात आला, आणि सोबत हस्तकलेची व्याख्या आली. वस्तू मुख्यतः हाताने केलेली हवी, हत्यारे किंवा यंत्र थोडेफार वापरले असले तरी चालेल. तिच्यावर नक्षी, जडावकाम किंवा तशा स्वरूपाचे भरीव काम हवे. आणि यंत्राने केलेल्या त्याच उपयोगाच्या वस्तूपेक्षा ती पुरेशी वेगळी हवी. वाचायला सोपे आहे. पण पर्स समोर ठेवली की भांडण सुरू होते. वीण हाताची. अस्तर मशीनवर शिवलेले. चेन, रनर, मॅग्नेट बटण, कड्या बाजारातल्या. मग ही 'मुख्यतः हाताने' झाली का? नाही म्हणणाऱ्यांचे म्हणणे असे की पर्सला पर्सपण देणारा भाग मशीनचा आहे. हो म्हणणाऱ्यांचे म्हणणे असे की वेळ मोजा. मध्यम आकाराच्या पर्सची वीण मला तीन-चार संध्याकाळी पुरते, अस्तर मशीनवर दीड तासात होते. मला दुसरी बाजू पटते, आणि व्याख्येतली यंत्राची सूट नेमकी अशाच अस्तरासाठी आहे असे मी मानते. नक्षीची अट मात्र खरोखर अडचणीची आहे. साध्या मुक्या खांबांची, एकरंगी, देखणी पर्स नक्षीत बसते की नाही? कित्येक जणी सरळ वर एक क्रोशाचे फूल लावून मोकळ्या होतात.

बहुतेक बायकांची वर्षाची उलाढाल जीएसटी नोंदणीच्या मर्यादेपर्यंत पोचतच नाही, मग हा वाद का, असे कोणी विचारेल. वस्तूंसाठी ४० लाखांची मर्यादा एप्रिल २०१९पासून आहे. पण दुकानदाराला माल दिला की त्याच्या बिलात ही ओळ येते. ऑनलाइन विक्रीला तर मर्यादा न बघता नोंदणी लागत होती. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या लहान विक्रेत्यांना त्यातून सूट मिळाली ती १ ऑक्टोबर २०२३पासून. सप्टेंबर २०२५मध्ये हस्तकलेच्या पर्सचा दर ५ टक्क्यांवर आला. व्याख्या तीच राहिली.

प्लास्टिकबंदीने याच गुंत्यात एक गंमत भरली. राज्याची अधिसूचना २३ मार्च २०१८ची, आणि जूनअखेर दंड सुरू झाला: पहिल्यांदा ५,०००, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिने कैद. बंदी घातलेल्या वस्तूंत दुकानदार 'कापडी पिशवी' म्हणून देत ती पिशवीही होती. दिसायला कापड, पण ते पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे प्लास्टिकच. तांत्रिक भाषेत तिचे नावच 'न विणलेली'. भाजी घ्यायला निघालेल्या माणसाला हे नाव कोणी समजावून सांगितले नाही. पुढे केंद्राच्या नियमांत ३० सप्टेंबर २०२१पासून अशा पिशवीला चौरस मीटरला किमान ६० ग्रॅम वजनाची अट आली.

बंदीनंतर क्रोशाच्या जाळीच्या पिशवीला मागणी आली. तिला अस्तर लागत नाही आणि लावूही नये. ती ताणली जाण्यासाठीच असते. कांद्याची लाल जाळीची गोणी ज्या तत्त्वावर चालते तेच तत्त्व. दोन किलो द्राक्षे मात्र तिच्यात नेऊ नयेत, घरी रस येतो.

२०२०च्या टाळेबंदीत नव्या मुली क्रोशाकडे आल्या त्या मोबाइलवर बघून. लोकर मागे पडली, जाड सुती दोरी आणि होजिअरीच्या पट्ट्या आल्या. तिथे एक जुनाच गोंधळ नव्याने झाला. ब्रिटिश कृतीतला 'डबल' टाका म्हणजे अमेरिकन कृतीतला 'सिंगल'. एकीचे वाचून दुसरीचे बघितले की पर्सचा आकार बिघडतो. मराठीत मुका खांब, एका वेढ्याचा खांब, दोन वेढ्यांचा खांब अशी मोजणी आहे, तिथे ही चूक होत नाही. पण नव्या मुली हे शब्द वापरत नाहीत.

या पिढीतल्या बऱ्याच जणींकडे शिलाई मशीन नाही. त्या पर्स विणून पिको-फॉलवाल्या बाईकडे अस्तराला देतात. ती बाई पर्स हातात घेते, उलटी करते, ताणून बघते आणि विचारते, "आत काय ठेवणार?" मोबाइल आणि चाव्या म्हटले तर एकेरी अस्तर. पाण्याची बाटली आणि डबा म्हटले तर ती आतून कॅनव्हास घालायला सांगते आणि शिलाईचे पन्नास रुपये जास्त घेते.