कॉलर आयडी स्पूफिंग आणि सिम-क्लोनिंगची फसवणूक : स्वरूप आणि बचाव

फोन एका ठिकाणाहून करायचा आणि समोरच्याच्या पडद्यावर भलताच क्रमांक उमटवायचा, याला कॉलर आयडी स्पूफिंग म्हणतात. दुसऱ्याच्या मोबाइल जोडणीची जुळी प्रत तयार करून त्याच्या क्रमांकावरून बोलणे, त्याचे संदेश घेणे म्हणजे फोन किंवा सिम क्लोनिंग. बोलताना दोन्हींना सरसकट ‘नंबर हॅक झाला’ असे म्हटले जाते. या सरमिसळीमुळे बचाव चुकतो, म्हणून फरक आधी नीट समजून घ्यायला हवा. स्पूफिंग करणाऱ्याकडे तुमच्या ओळखीच्या क्रमांकाचा फक्त मुखवटा असतो. त्या क्रमांकावर आलेला फोन त्याला उचलता येत नाही, कारण तो खऱ्या मालकाकडेच वाजतो. म्हणून संशय येताच फोन ठेवून आपण होऊन तोच क्रमांक लावला की सोंग उघडे पडते. सिम पळवले गेले असेल तर मात्र क्रमांकच चोराच्या हातात असतो. तिथे उलट फोन लावून काही कळत नाही, आपल्या फोनची रेंज गेल्याक्षणी धावपळ सुरू करावी लागते.

पडद्यावरचा क्रमांक येतो कुठून

टेलिफोन एक्स्चेंज आपापसांत ज्या संकेतप्रणालीने बोलतात ती ‘एसएस-७’ १९७० च्या दशकात आकाराला आली. तेव्हा जाळे मोजक्या कंपन्यांच्या हातात होते आणि एका एक्स्चेंजने सांगितलेले दुसरे एक्स्चेंज खरे धरून चाले. कॉल जोडताना जाणाऱ्या पहिल्याच संदेशात कॉल करणाऱ्याचा क्रमांक असतो. शेजारी एक बारीकशी खूणही असते : हा क्रमांक जाळ्याने स्वतः दिला आहे, की ग्राहकाकडून आला आणि तपासलेला नाही. ही खूण फोनच्या पडद्यापर्यंत कधी पोचतच नाही. इंटरनेटवरून केलेल्या कॉलमध्ये तर क्रमांकाचा रकाना पाठवणाराच भरतो. पोस्टाच्या पाकिटावर ‘प्रेषक’ म्हणून कोणाचेही नाव घालता येते, तसेच हे. याचा सरळ उपयोगही आहे. एखाद्या मोठ्या रुग्णालयातल्या कुठल्याही खोलीतून फोन केला तरी समोर मुख्य क्रमांक दिसतो, तो याच सोयीमुळे.

पुढचे काम आपला फोन करतो. आलेला क्रमांक तो संपर्क यादीशी जुळवतो आणि ‘बाबा’ किंवा ‘बँक शाखा’ असे नाव झळकवतो. म्हणजे ज्या नावावर आपण विश्वास टाकतो ते जाळ्याने पाठवलेले नसते, आपल्याच फोनने चिकटवलेले असते. दूरसंचार नियामक ट्रायने फेब्रुवारी २०२४ मध्ये शिफारस केलेल्या ‘सीएनएपी’ सेवेत सिम घेताना नोंदवलेले नाव पडद्यावर दाखवले जाते. अनोळखी क्रमांकांच्या बाबतीत ती उपयोगाची आहे. पण ते नाव क्रमांकाला जोडलेले असते, त्यामुळे क्रमांकच खोटा असेल तर त्याच्यासोबतचे नावही बोलणाऱ्याचे नसते.

भारतात या फसवणुकीचा मोठा मार्ग परदेशातून येत होता. कॉल लागे बाहेरून, पडद्यावर दिसे +९१ आणि दहा आकडी मोबाइल क्रमांक. असे सगळे कॉल सरसकट अडवता येत नव्हते, कारण परदेशी गेलेला मुलगा आपल्या भारतीय सिमवरून घरी फोन करतो तेव्हा तोही बाहेरूनच आणि +९१ लावूनच येतो. उत्तर सापडले ते रोमिंगच्या नोंदीत : हा क्रमांक खरोखर या घडीला देशाबाहेर आहे का, एवढे विचारायचे. नसेल तर कॉल खोटा. या तत्त्वावरची यंत्रणा दूरसंचार विभागाने २२ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू केली आणि पहिल्या २४ तासांत सुमारे १.३५ कोटी कॉल अडवल्याचे सांगितले. टोळ्यांनी मग सिम-बॉक्सवर भर दिला. या पेटीत भारतीय सिमांची रांग बसवलेली असते आणि इंटरनेटवरून आलेला परदेशी कॉल ती स्थानिक कॉल म्हणून बाहेर सोडते. इथे दिसणारा क्रमांक खरा असतो, बोलणारा मात्र दूर कुठेतरी असतो.

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांनी तिथली ‘स्टर-शेकन’ ही पद्धत समजून घ्यावी. मोठ्या कंपन्यांना तिच्यासाठी ३० जून २०२१ ची मुदत होती. तीत कॉल सोडणारी कंपनी क्रमांकावर डिजिटल सही करते आणि ए, बी किंवा सी दर्जा देते. पडद्यावर बरोबरची खूण दिसली तर क्रमांक खरा असल्याचे कळते. माणूस प्रामाणिक आहे की नाही, हे त्या खुणेवरून कळत नाही.

भारतात बँका आणि सरकारी कार्यालयांच्या सेवा-कॉलसाठी १६०० ने सुरू होणारी मालिका आणि जाहिरातींसाठी १४० ची मालिका राखून ठेवली आहे. एसएमएसच्या शीर्षकाला, म्हणजे पाठवणाऱ्याच्या नावाला, शेवटी पी, एस, टी किंवा जी हे रोमन अक्षर असते : जाहिरात, सेवा, व्यवहार, सरकारी. साध्या दहा आकडी मोबाइलवरून ‘तुमचे खाते आज बंद होणार’ असा संदेश आला तर तो बँकेचा नाही असे धरून चालावे. १६०० वरून आलेल्या फोनवरही ओटीपी सांगायचा नसतोच.

क्लोनिंग : तेव्हाचे आणि आताचे

अॅनालॉग मोबाइलच्या काळात क्लोनिंग सोपे होते. फोन आपला अनुक्रमांक आणि दूरध्वनी क्रमांक हवेत उघडाच सोडायचा. तो टिपून दुसऱ्या फोनमध्ये भरला की बिल पहिल्याला. नंतरच्या डिजिटल जीएसएम जाळ्यात सिमच्या आत एक गुप्त किल्ली आली, जी कार्डाबाहेर पडतच नाही. सुरुवातीच्या अनेक सिममधले ‘कॉम्प-१२८’ हे सूत्र मात्र कच्चे निघाले. १९९८ मध्ये ब्रिसेनो, गोल्डबर्ग आणि वॅग्नर यांनी दाखवले, की कार्ड हाती असेल तर त्याला सुमारे दीड लाख प्रश्न विचारून आठेक तासांत किल्ली काढता येते. नंतर सूत्रे बदलली. आजच्या सिमची घरबसल्या प्रत निघत नाही, आणि नुसता मिस्ड कॉल घेतल्याने किंवा परत फोन केल्याने सिम क्लोन होते हा समज चुकीचा आहे.

आयएमईआय क्लोनिंग ही वेगळी बाब. त्यात हँडसेटचा १५ आकडी क्रमांक दुसऱ्या हँडसेटमध्ये भरतात. २०२० मध्ये मेरठ पोलिसांना एकाच आयएमईआयवर चालणारे १३,५०० हून अधिक फोन आढळले होते. याने कोणाला तुमचे कॉल मिळत नाहीत, पण चोरीचा फोन लपतो. जुना फोन विकत घेताना *#०६# दाबून येणारा क्रमांक रोमन अक्षरांतल्या ‘केवायएम’ पुढे जागा सोडून लिहावा आणि १४४२२ वर एसएमएस करावा. ‘ब्लॅकलिस्टेड’, ‘डुप्लिकेट’ किंवा ‘ऑलरेडी इन यूज’ असे उत्तर आले तर तो फोन घेऊ नये.

आज ‘सिम क्लोन झाले’ म्हणून येणाऱ्या तक्रारींच्या मुळाशी बहुधा सिम-स्वॅप असतो. चोर तुमच्या नावाने ‘सिम हरवले’ असे सांगून त्याच क्रमांकाचे नवे सिम काढतो. नवे चालू होते त्या क्षणी तुमचे मरते. हा शेवटचा टप्पा आहे, हे लक्षात घ्यावे. नेट बँकिंगचा पासवर्ड किंवा डेबिट कार्डाचे आकडे त्याआधीच कुठल्यातरी खोट्या लिंकवर गेलेले असतात. यूपीआयचा पिन नव्याने लावायलाही कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदत, किंवा आधार क्रमांक लागतो. नुसता क्रमांक पळवून खाते रिकामे होत नाही. म्हणून कार्डाची माहिती कुठे दिली गेली असे वाटताच कार्ड बदलून घेणे हा सिम-स्वॅपवरचाही उपाय आहे.

डिसेंबर २०१८ मध्ये मुंबईत माहीमच्या एका कापड व्यापाऱ्याला रात्री सहा मिस्ड कॉल आले आणि सकाळपर्यंत खात्यांतून १.८६ कोटी रुपये गेले. रात्रीच्या अशा त्रासदायक कॉलमागे एक हेतू असतो : वैतागून माणसाने फोन बंद करून ठेवावा, म्हणजे सिम मेल्याचे त्याला कळू नये. असे कॉल येऊ लागले तर फोन बंद न करता आवाज बंद करावा आणि अधूनमधून रेंजच्या काड्यांकडे पाहावे.

ई-सिममध्ये, म्हणजे कार्डाशिवाय थेट फोनमध्ये उतरवल्या जाणाऱ्या सिममध्ये, दुकानात जाण्याचीही गरज उरत नाही. ‘फाइव्ह-जी अपग्रेड’ म्हणून एक लिंक किंवा कोड येतो, तुम्ही हो म्हणता आणि तुमचे सिम चोराच्या फोनमध्ये उतरते. जुन्या पद्धतीत सिमच्या पाठीवरचा लांबलचक क्रमांक विचारत आणि ‘आता १ दाबा’ म्हणत. आपण स्वतः मागितलेले नसताना सिमबद्दल आलेल्या कुठल्याही एसएमएसला होकार देऊ नये.

कॉल फॉरवर्डची युक्ती याहून साधी. ‘कुरिअर घेऊन आलोय, पत्ता सापडत नाही, डिलिव्हरी बॉयशी बोलायला हा कोड दाबा’, असे सांगून २१ आणि पुढे एक मोबाइल क्रमांक असलेला कोड दाबायला लावतात. तो दाबताच तुमचे सगळे फोन त्या क्रमांकाकडे वळतात आणि फोनवर बोलून सांगितला जाणारा ओटीपी तिकडे ऐकला जातो. अशा वेळी तुम्हाला खात्रीसाठी कोणी उलट फोन केला तर तोही चोराकडेच जातो. दूरसंचार विभागाने यूएसएसडीवरून, म्हणजे असे कोड दाबून, फॉरवर्ड सुरू करण्याची सोय १५ एप्रिल २०२४ पासून थांबवायला सांगितली होती, तरी तपासून घेणे बरे. *#२१# दाबल्यावर फॉरवर्ड चालू आहे का ते दिसते आणि ##००२# ने सगळी फॉरवर्ड रद्द होतात. *#६२# वर, म्हणजे फोन बंद असतानाच्या फॉरवर्डमध्ये, अनोळखी क्रमांक दिसला तर लगेच घाबरू नये. मिस्ड कॉल कळवण्याची कंपनीची स्वतःची सेवा तिथे असू शकते. कस्टमर केअरला विचारून मगच ठरवावे.

‘ई-चलन’ किंवा ‘लग्नपत्रिका’ अशा नावाची एपीके (अँड्रॉइड अॅप बसवणारी) फाइल व्हॉट्सअॅपवर येते तेव्हा सिमला हातही लागत नाही. अॅप एसएमएस वाचण्याची परवानगी मागते आणि प्रत्येक ओटीपी पुढे पाठवते. पत्रिका चित्र किंवा पीडीएफ म्हणून येते. शेवटी ‘डॉट एपीके’ असेल तर ती कोणाच्याही घरच्या लग्नाची नसते, पाठवणारा सख्खा मामा असला तरी, कारण त्याचा फोन आधीच ताब्यात गेलेला असतो.

बेवारस क्रमांक ही आणखी एक फट. परदेशात राहणारे ओटीपीसाठी भारतीय सिम ठेवतात आणि रिचार्ज विसरतात. बंद झालेला क्रमांक ९० दिवसांनंतर दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. बँकेत तोच नोंदलेला राहिला तर यात गुन्हेगाराची गरजच पडत नाही, संदेश आपोआप परक्याकडे जातात. क्रमांक सोडण्याआधी बँक, आधार आणि व्हॉट्सअॅपवरून तो काढावा.

आधीची तयारी

दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती जोडण्या आहेत ते पाहता येते. मर्यादा माणशी नऊ आहे, जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्य भारतात सहा. अनोळखी क्रमांक दिसला तर तिथेच ‘हा माझा नाही’ असे कळवावे. संशयास्पद कॉलची तक्रार त्याच पोर्टलवरच्या ‘चक्षू’ मध्ये करता येते आणि परदेशातून +९१ दाखवून आलेल्या कॉलसाठी वेगळी सोय आहे. व्हॉट्सअॅपला टू-स्टेप पिन लावावा आणि ‘लिंक्ड डिव्हायसेस’ महिन्यातून एकदा उघडून पाहावे. सिमला पिन लावला तर चोरलेले सिम दुसऱ्या फोनमध्ये चालत नाही. तीनदा चुकल्यास आठ आकडी पीयूके (अडकलेले सिम उघडण्याचा कोड) लागतो आणि तो दहादा चुकला की कार्ड कायमचे बाद होते, म्हणून पीयूके कुठेतरी लिहून ठेवावा. सिम-स्वॅपपुढे मात्र या पिनचा उपयोग नाही. बँकेचे संदेश ईमेलवरही चालू ठेवावेत, म्हणजे सिम मेले तरी व्यवहार कळतो.

घरात एक खुणेचा शब्द ठरवावा. मुलाच्या क्रमांकावरून, त्याच्याच आवाजात ‘आई, अपघात झालाय, पैसे टाक’ असा फोन आला तर तो शब्द विचारायचा. ‘डिजिटल अटक’ (पोलीस असल्याचे भासवून माणसाला व्हिडिओ कॉलवर अडकवून ठेवणे) असे काही कायद्यात नाही, हेही घरातल्या वडीलधाऱ्यांना शांतपणे, फोन आलेला नसताना सांगून ठेवावे. घाबरलेल्या क्षणी ते पटत नाही.

रेंज गेल्यावर

शेजारच्याच्या फोनला रेंज आहे, आपल्याला नाही, आणि फोन बंद-चालू करूनही ती येत नाही, तर पाच मिनिटांहून जास्त थांबू नये. दुसऱ्या फोनवरून कंपनीला विचारावे : ‘माझ्या क्रमांकाचे सिम बदलले गेले का?’ हो म्हणाले तर क्रमांक तिथल्या तिथे बंद करायला लावावा. नवे सिम चालू झाल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवायचा नियम आहे. हा वेळ तुमच्या बाजूचा असतो, पण अडसर एसएमएसपुरता आहे, कॉलला नाही. १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस क्रमांक दुसऱ्या कंपनीत नेण्याचा कोडही मिळत नाही.

मग बँकेला सांगून नेट बँकिंग, यूपीआय आणि कार्ड बंद करावे. पैसे गेले असतील तर लगेच १९३० हा सायबर फसवणुकीचा मदत क्रमांक लावावा. खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि यूपीआयचा १२ आकडी संदर्भ क्रमांक हाताशी ठेवावा. पैसे पुढच्या खात्यांत फुटण्याआधी तिथे रोखले जाऊ शकतात, म्हणून इथे मिनिटे मोजावी लागतात. नंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लेखी तक्रार करावी.

दूरसंचार कायदा, २०२३ च्या कलम ४२ नुसार फसवून सिम मिळवणे आणि दूरसंचार ओळखीत छेडछाड करणे यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहेत. पैशांबाबत रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने चौकट घातली. चूक ग्राहकाची नसून तिसऱ्याच कोणाची असेल आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवले तर ग्राहकावर भार शून्य. चार ते सात दिवसांत कळवले तर खात्याच्या प्रकारानुसार तो मर्यादित राहतो. ओटीपी किंवा पिन स्वतः सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे, त्यानंतरचे बँकेचे. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे. म्हणून शाखेत तोंडी सांगून परत येऊ नये. तक्रार क्रमांक घ्यावा आणि तो मिळाल्याची तारीख व वेळ त्याच कागदावर लिहून घ्यावी.