भाषेच्या तासाला व्हिडिओ

भाषा शिकवताना छोटासा व्हिडिओ लावायचा, मधेच थांबवायचा आणि पोरांना बोलतं करायचं, अशी ही पद्धत. दिसलं ते खरं धरायच्या आधी चार प्रश्न विचारायची सवय लागावी आणि आपल्याहून वेगळ्या माणसांच्या रीतीभाती कळाव्यात, एवढ्यासाठी हा खटाटोप. व्हिडिओ लावून सर मागं वह्या तपासत बसले तर ते यात धरत नाहीत.

तीन-चार मिनिटांचा तुकडा पुरतो. आधी आवाज बंद ठेवून हातवारे बघत अंदाज बांधायचा, मग आवाज लावून ताडून बघायचं. किंवा अर्ध्या वर्गाला नुसतं चित्र, अर्ध्याला नुसता आवाज, आणि एकमेकांना विचारून गोष्ट जुळवायची, यात बोलल्याशिवाय सुटकाच नसते.

सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणाऱ्या घरातली पोरं एका वर्गात सापडतात, म्हणून इथं हे जास्त रंगतं. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतला अक्षता सोहळाच घ्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लागणारं प्रतीकात्मक लग्न. ड्रोनच्या व्हिडिओत सात नंदीध्वज (मानाच्या उंच काठ्या) आणि पांढऱ्या बाराबंद्या (बंदांचे अंगरखे) झकास दिसतात, गर्दीतल्या मोबाइलवर मात्र पुढच्याचं डोकं, ढकलाढकली आणि सम्मती (मंगलाष्टकांसारखे लग्नाचे मंत्र) वाचनाचा आवाज. दोन्ही खरे, पण ड्रोनवाल्यानं काय गाळलं, कॉमेंट्री कुणासाठी केलीय, हे पोरांनी शोधायचं. ‘सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम’ झालं की अक्षता का पडतात, हे एरवी मराठीच्या तासाला गप्प बसणारी कन्नड घरातली पोरगी सांगू शकते.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस तर सोलापूरचेच. १९३८ ला वैद्यकीय पथकातून चीनला गेले, १९४२ ला तिकडंच वारले. त्यांच्यावरच्या १९४६ च्या ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ या सिनेमात त्यांची चिनी बायको झालेल्या जयश्री चक्क हिंदीत बोलतात. खरी दोघं कुठल्या भाषेत बोलत असतील, चीनच्या माणसाला हे बघून काय वाटेल? गाईडात याचं उत्तर नसतं, ते बरंच आहे.

जिल्ह्यात परितेवाडीच्या झेडपी शाळेत शिकवत असताना रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडून कविता, व्हिडिओ पोरांपर्यंत नेले, त्यांना २०२० चं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं.

सबटायटल शक्यतो शिकायच्या भाषेतलेच ठेवावेत, घरच्या भाषेतले लावले की पोरं ऐकायचं सोडून वाचत बसतात. नेटचा भरवसा नाही, तुकडा आदल्या दिवशीच डाउनलोड केलेला बरा. आपोआप येणाऱ्या मराठी सबटायटलवर विसंबू नये, सोलापुरी बोलीचं तर ते कायच्या काय करून टाकतं, अर्थात त्यातल्या चुका पोरांना शोधायला लावल्या तर तोही एक तास निघतो.