एक्सानास्तासिस (फिलिप्पैकरांस पत्र 3:11)

एक्सानास्तासिस हा बायबलच्या नव्या करारातला ग्रीक शब्द, अर्थ पुनरुत्थान, आणि तो अख्ख्या नव्या करारात एकदाच येतो, प्रेषित पौलानं फिलिप्पी शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पत्रात. वचनाचा आशय साधारण असा की कसंही करून मी मेलेल्यांमधून होणाऱ्या पुनरुत्थानापर्यंत पोचावं. नेहमीचा शब्द अनास्तासिस, तो नव्या करारात 42 वेळा आहे आणि आदल्याच म्हणजे दहाव्या वचनात पौलानं तोच वापरलाय, मग लगेच पुढे 'एक्स' लावून वेगळा शब्द का घेतला हा प्रश्न आहे. पत्र तुरुंगातून लिहिलेलं आहे एवढं पत्रातूनच कळतं. तुरुंग रोमचा मानला तर काळ इसवी सन 60 ते 62 च्या आसपास येतो, इफिसचा मानला तर पाच-सहा वर्षं आधीचा. रोमचं मत जुनं आहे आणि ते सोडावं असं सबळ कारण अजून पुढे आलेलं नाही.

शब्दाची फोड तीन तुकड्यांची. 'एक्स' म्हणजे बाहेर किंवा मधून, 'अना' म्हणजे वर (कधी पुन्हा), आणि शेवटी उभं राहणं ह्या अर्थाचा धातू. हा धातू आणि संस्कृत 'स्था' एकाच मुळातले, त्यामुळे अनास्तासिस आणि उत्थान हे शब्द जवळजवळ जुळे आहेत आणि आपलं रोजचं 'उठणं'सुद्धा त्याच घरातलं. गोव्यात ख्रिस्ती माणसाचं आनास्तासियो हे नाव ऐकू येतं तेही ह्याच शब्दावरून आलंय. कोकणीत मात्र पुनर्जिवंतपण म्हणतात, तिथे भर उठण्यावर नाही, जिवंत होण्यावर आहे.

ग्रीकमध्ये हा शब्द धर्माबाहेरचाही आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला इतिहासकार पोलिबियस कार्थेजचा सेनापती हॅनिबल ह्याच्या सैन्याची आल्प्स पर्वतातली उतरण सांगतो. जुन्या बर्फावर नवं बर्फ पडलेलं, माणसं घसरून पडायची आणि उठायला म्हणून गुडघे नाहीतर हात टेकवले की आणखीच खाली घसरत जायची, तिथल्या त्या 'उठण्या'ला शब्द एक्सानास्तासिसच आहे. हाच लेखक दुसरीकडे लोकांना त्यांच्या जागेवरून हुसकावून लावणं ह्या अर्थानं तो वापरतो. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात, उत्पत्ती 7:4 मध्ये, काही प्रतींत तो जलप्रलयात पुसून टाकायच्या जीवमात्रासाठी आलाय. म्हणजे पौलाच्या आधी ह्या शब्दाला 'निवडक लोकांचं खास पुनरुत्थान' असा ठरलेला अर्थ होता असं दिसत नाही.

तरी तो अर्थ काही जण लावतात. 19व्या शतकापासून काही प्रोटेस्टंट लेखकांनी असं मांडलं की 'एक्स' मुळे हे सर्वांच्या आधी, मेलेल्यांच्या गर्दीतून वेगळं काढलेल्यांचं पुनरुत्थान ठरतं आणि ते कमवावं लागतं. पण क्रियापद तपासलं तर हे टिकणं कठीण आहे. 'एक्स' लागलेलं क्रियापद नव्या करारात तीनदा येतं आणि एकदाही मेलेला उठण्याबद्दल नाही. प्रेषितांची कृत्ये 15:5 मध्ये काही परूशी (एका यहुदी पंथाचे लोक) सभेत बोलायला उठतात, तेव्हा ते आहे. उरलेल्या दोन जागा मार्क 12:19 आणि लूक 20:28, तिथे सदूकी (पुनरुत्थान न मानणारा यहुदी पंथ) येशूला विचारतात की भाऊ मूल नसताना मेला तर धाकट्यानं त्याच्या बायकोशी लग्न करून भावाला वंश 'उभा' करावा, तर पुनरुत्थानात ती कोणाची? आता हाच प्रश्न मत्तयात (22:24) आहे आणि तिथे क्रियापद 'एक्स' शिवाय आहे, पण अर्थामध्ये तीळभर फरक नाही. त्या काळच्या बोली ग्रीकमध्ये असे उपसर्ग पुष्कळदा नुसते जोर द्यायला लागत, त्यामुळे एका उपसर्गावर अख्खी शिकवण उभी करणं धोक्याचंच.

जास्त वजन आहे ते पुढच्या 'एक नेक्रोन' ह्या शब्दांना, म्हणजे 'मेलेल्यांमधून'. चौथ्या शतकातल्या सिनाइतिकस आणि व्हॅटिकानस ह्या हस्तलिखितांत असाच पाठ आहे, 16व्या शतकापासून छापून सगळीकडे गेलेल्या ग्रीक पाठात मात्र 'तोन नेक्रोन' म्हणजे नुसतं 'मेलेल्यांचं' झालंय. जुना पाठच मूळचा वाटतो. इंग्लंडच्या लाइटफुट ह्या अभ्यासकानं 1868 च्या भाष्यात फरक असा लावला की 'मेलेल्यांचं' पुनरुत्थान म्हणजे भल्याबुऱ्या सगळ्यांचं, आणि 'मेलेल्यांमधून' म्हणजे बहुतेक वेळा ख्रिस्ताचं आणि त्याच्याबरोबर उठणाऱ्यांचं. लूक 20:35 आणि पहिलं पेत्र 1:3 ह्याला धरून आहेत, पण रोमकरांस 1:4 मध्ये खुद्द ख्रिस्ताबद्दल बोलताना 'मधून' नाही, तेव्हा हा नियम न म्हणता कल म्हणावा.

राहिलं 'कसंही करून', ग्रीकमध्ये 'एइ पोस'. पौलाला स्वतःच्या तारणाची म्हणजे उद्धाराची शंका होती का असं इथे हमखास विचारलं जातं. हे दोन शब्द नव्या करारात चारदाच येतात, आणि त्यातली एक जागा (प्रेषितांची कृत्ये 27:12) फार बोलकी आहे कारण तिथे 'पोचणं' हे क्रियापदही फिलिप्पैकरांतलंच आहे. पौलाला कैदी म्हणून रोमला नेणारं जहाज क्रेत बेटाच्या किनाऱ्याला आहे, हिवाळा तोंडावर, असलेलं बंदर हिवाळा काढायला धड नाही आणि बरेच जण म्हणतात की जमलं तर फेनिके बंदरापर्यंत पोचू. पावसाळ्यात आग्वादचा बार (मांडवीच्या मुखाशी असलेला वाळूचा दांडा) जहाजांना बंद झाला की जहाजांना मुरगावकडे वळावं लागायचं हे ज्या गोव्यानं पाहिलं त्याला ही घालमेल वेगळी समजवायला नको. बंदर खरंच आहे, त्याबद्दल कोणालाच शंका नाही, शंका आहे ती वाटेची (ते जहाज फेनिकेला पोचलंच नाही, माल्टाच्या किनाऱ्याला फुटलं). फिलिप्पैकरांतही तसंच वाचावं असं वाटतं, कारण पुढच्याच वचनात पौल म्हणतो की मी अजून मिळवलेलं नाही, मागे लागलोय.

गोव्यात हा वाद जुन्या लिखाणात सापडायचा नाही. इथली ख्रिस्ती परंपरा लॅटिन बायबलवर वाढली, 1546 मध्ये कॅथलिक चर्चच्या त्रेंत इथल्या परिषदेनं तेच प्रमाण ठरवलं होतं, आणि त्या लॅटिनमध्ये अनास्तासिस आणि एक्सानास्तासिस दोन्हींना एकच शब्द आहे. फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण 1616 मध्ये रायतूरला छापलं गेलं तेही ह्याच परंपरेतलं. पण 'मेलेल्यांमधून' हा भाग लॅटिननं नीट जपलाय. मराठीतही दोन्ही वचनांत पुनरुत्थानच येतं, आणि 'एक्स' साठी नवा शब्द घडवायची गरज नाही, तो अर्थ आपला 'मधून' हा प्रत्यय आरामात पेलतो. भाषांतरात 'मृतांचे पुनरुत्थान' लिहिलं की मात्र तो अर्थ सुटतो.