ट्रेडमिलवरचे ४ एचपी खरे किती? पीक आणि कंटिन्युअस यांतला फरक

ज्यांच्या विहिरीवर मोटर आहे त्यांना एचपी (हॉर्सपॉवर) म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. ३ एचपीची मोटर बसवायची तर बहुधा थ्री-फेज लाइन लागते, स्टार्टर लागतो, आणि एकदा बटण दाबलं की ती तासन् तास पाणी ओढते. बाबांचं आयुष्य अशा मोटरींबरोबर गेलं. गुडघेदुखीमुळे पावसाळ्यात त्यांना घरातच चालता यावं म्हणून आम्ही ट्रेडमिल बघायला गेलो. खोक्यावर ठळक ‘४ एचपी’ लिहिलेलं होतं. बाबांनी तो आकडा वाचला आणि मागे जाऊन आधी वायर हातात घेतली. टीव्हीच्या बोर्डात बसेल असा छोटा, ६ अँपिअरचा प्लग होता. “ह्याच्यावर चार एचपी?” त्यांनी विचारलं. दुकानदाराने हो म्हटलं आणि आम्ही मशीन घेतलं.

बाबांचा प्रश्न बरोबर होता. २३० व्होल्ट गुणिले ६ अँपिअर म्हणजे १३८० वॅट. १ एचपी म्हणजे साधारण ७४६ वॅट. म्हणजे त्या प्लगमधून सतत घेता येणारी वीजच १.८५ एचपीच्या आसपास भरते. त्यातली काही उष्णतेत जाते, काही स्क्रीन आणि कंट्रोलर खातात. मग ४ आले कुठून? घरी आल्यावर खोक्यावर खाली बारीक अक्षरांत ‘पीक’ हा शब्द सापडला.

पीक एचपी म्हणजे मोटर क्षणभर जास्तीत जास्त जोर लावते तेव्हाची ताकद. त्या जोरावर ती चालत राहिली तर थोड्याच वेळात तापून बंद पडेल किंवा जळेल. कंटिन्युअस एचपी म्हणजे मोटर मर्यादेबाहेर न तापता सलग देऊ शकते ती ताकद. विहिरीवरच्या मोटरीचा एचपी हा असा सलग चालण्याचा असतो, त्यामुळे ट्रेडमिलवरचा आकडाही आपण त्याच अर्थाने वाचतो आणि फसतो. २ कंटिन्युअस आणि ४ पीक अशी जोडी बऱ्याच मशीनवर दिसते, पण हे प्रमाण कुठे ठरलेलं नाही. तेव्हा पीकला दोनाने भागून अंदाज बांधू नका.

“आम्हाला तर फक्त हळू चालायचंय, मग एचपी कशाला बघायचा?” असं अनेकजण म्हणतात. मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते याच्याबद्दल, कारण आमचं मशीन हळू चालतानाच अडखळलं. बाबांचं वजन ८४ किलो आणि वेग ताशी अडीच किलोमीटर. दोन महिन्यांत प्रत्येक टाच टेकताना पट्टा किंचित थांबायला लागला आणि वीस मिनिटांनी मोटरच्या कव्हरपाशी गरम वार्निशचा वास यायला लागला.

घरगुती ट्रेडमिलमध्ये बहुतेक डीसी मोटर असते. पट्टा ओढायला किती जोर लागतो ते अंगावरच्या वजनावर आणि पट्ट्याखालच्या घर्षणावर ठरतं. वेग कमी केला म्हणून तो जोर कमी होत नाही. जोर तेवढाच म्हणजे करंटही जवळपास तेवढाच, आणि मोटरची वायंडिंग, म्हणजे आतली तारांची गुंडाळी, तापते ती करंटमुळे. करंट दुप्पट झाला तर उष्णता चौपट. त्यातच अनेक मोटरींचा पंखा मोटरच्याच दांड्यावर बसवलेला असतो, त्यामुळे मोटर हळू फिरली की वाराही कमी. वजनदार माणूस आणि मंद चाल ही मोटरची खरी परीक्षा आहे. ज्येष्ठांसाठी मशीन घेताना कंटिन्युअसच्या आकड्यावर काटकसर करू नये असं मी कळकळीने सांगेन.

शेवटी मी प्लग काढून, थोडा वेळ थांबून, पुढच्या कव्हरचे स्क्रू काढले. मोटरच्या अंगावर चांदीसारखा स्टिकर होता: डीसी १८० व्होल्ट, ५ अँपिअर. म्हणजे ९०० वॅट, सव्वा एचपीच्या किंचित खाली, तेही मोटरमध्ये जाणारी वीज धरून. मग पट्ट्याची कड उचलून खाली हात फिरवला, तर कोरडा ठाक. सिलिकॉन तेल सोडल्यावर अडखळणं बरंच कमी झालं, कारण घर्षण उतरलं आणि करंटही उतरला. वास मात्र पूर्ण गेला नाही. आता बाबा दहा-दहा मिनिटं, मध्ये थांबून चालतात.

सर्वसाधारण अंदाज असा: चालण्यासाठी २ कंटिन्युअसच्या आसपास, जॉगिंगला अडीच, रोज धावणार असाल तर ३. व्यायामशाळेतल्या मोठ्या मशीनमध्ये बहुधा एसी मोटर असते, तिचा हिशेब वेगळा. ‘कमाल वजन १२० किलो’ हा आकडाही काठावर आणून वापरू नका, वीसेक किलोंची सवड ठेवा.

दुकानात गेलात की घरातल्या सगळ्यात वजनदार माणसाला मशीनवर उभं करा. वेग ताशी दोन-अडीच किलोमीटर ठेवा आणि पंधरा मिनिटं चालू द्या. दुकानदार दोन मिनिटांत वेग वाढवायला सांगेल, वाढवू नका. जुनं मशीन घेत असाल तर चालवून झाल्यावर प्लग काढून कव्हर उघडायला लावा आणि मोटरवरच्या स्टिकरचा फोटो घ्या. त्यावर ‘एस१’ (सलग चालण्याची खूण) किंवा तसा शब्दांत उल्लेख असेल तर शेजारचा एचपी हा खरा कंटिन्युअस. नसेल तर व्होल्ट गुणिले अँपिअर करा, ७४६ ने भागा, आणि मग किमतीचं बोला.