उसाची ट्रॉली, तापलेली गाडी आणि वितळलेलं बटण

गळीत हंगाम सुरू झाला की गगनबावडा रोडला काय होतं ते कोल्हापूरकराला सांगायला नको. पुढं ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, उसाचे शेंडे रस्ता झाडत चाललेत आणि मागं आपण सेकंड गिअरमध्ये. माझी जुनी पेट्रोल गाडी अशाच एका ट्रॉलीमागं बालिंग्याच्या पुढं तापायला लागली, मी डॅशबोर्डवरचं रेडिएटरच्या पंख्याचं बटण दाबतोय तर पंखा काय सुरू होईना, आणि बटणातूनच जळक्या प्लॅस्टिकचा वास.

हे बटण कंपनीचं नव्हं. दोन वर्षांमागं रेडिएटरचा थर्मोस्विच, म्हणजे पाणी तापलं की पंखा आपोआप लावणारा स्विच, गेला तेव्हा नवा टाकण्याऐवजी एका गॅरेजात पंखा 'डायरेक्ट' करून घेतला होता, म्हणजे बॅटरीवरनं एक बारीक वायर आत डॅशबोर्डला, तिथं बटण, आणि तिथनं परत पुढं पंख्याला. स्वस्तात काम झालं म्हणून मीपण खूश.

आता गंमत बघा. घरचा छताचा पंखा साधारण 75 वॅटचा, 230 व्होल्टवर तो अँपिअरचा तिसरा हिस्सा ओढतो, म्हणून त्याला बारीक वायर आणि साधं बटण चालतं. गाडीचा पंखा 180 वॅटचा धरला तर 12 व्होल्टवर तोच हिशोब 15 अँपिअरवर जातो! व्होल्ट कमी म्हणून शॉक बसत नाही, त्यामुळं आपल्याला वाटतं 12 व्होल्टच तर आहे, काय होतंय. पण वायर तापते ती करंटनं, तेही करंटच्या वर्गाच्या पटीत. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट.

माझ्या गाडीत जाऊन-येऊन 5 मीटर वायर होती, 1 स्क्वेअरची, म्हणजे 1 चौरस मिलिमीटर जाडीची. तांब्याचा रोध धरून हिशोब केला तर एवढ्या वायरीत सव्वा व्होल्टच्या वर खाल्ला जातो, आणि जवळपास 19 वॅट उष्णता. ती 5 मीटरवर पसरते म्हणून वायर नुसती कोमट लागते. खरा घोळ बटणात. आतला पत्रा काळा पडला, ढिला झाला आणि तिथं रोध फक्त 0.1 ओहम झाला तरी 15 अँपिअरला एका टिचभर जागेत 22 वॅट. रेडिओ रिपेअरवाल्याचं सोल्डरिंग 25 वॅटचं असतं, म्हणजे मी डॅशबोर्डात सोल्डरिंग चालू ठेवून फिरत होतो म्हणा की. वरनं पंख्याला व्होल्ट कमी मिळत होते, तो आधीपासूनच हळू फिरत होता आणि मला वाटायचं पंखा म्हातारा झाला.

उद्यमनगरातल्या वायरमन मामांनी ते काळं बटण हातात घेऊन बघितलं आणि म्हणाले, "भावा, पंख्याचा करंट आत कशाला न्यायचा? आत नुसता निरोप न्यायचा."

निरोप म्हणजे रिले, बारीक करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारी चौकोनी डबी. तिच्याखाली आकडे असतात. 85 आणि 86 मध्ये कॉइल, 30 आणि 87 मध्ये जाड कॉन्टॅक्ट. कॉइलमधनं 0.15 अँपिअरच्या आसपास करंट गेला की तिचं लोहचुंबक होतं, कॉन्टॅक्ट ओढलं जातं आणि मोठा करंट बॅटरीवरनं 30 ला येऊन 87 मधनं सरळ पंख्याला, बॉनेटखालच्या बॉनेटखाली. मामांनी नवा थर्मोस्विच बसवला, तो पाणी तापलं की कॉइलचं 85 टोक अर्थ करतो, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडून कॉइलचं सर्किट पुरं करतो, आणि माझं बटण त्याच्याच जोडीला पॅरललमध्ये दिलं. म्हणजे मी बटण विसरलो तरी पाणी तापल्यावर पंखा आपोआप लागणारच. वायर 4 स्क्वेअरची, फ्यूज 25 अँपिअरचा. फ्यूज बॅटरीला अगदी चिकटून, कारण फ्यूजच्या अलीकडच्या वायरीला कुणी वाली नसतो, ती बॉडीला घासली तर सरळ आग. आणि 15 च्या पंख्याला 25 का, तर थांबलेली मोटर सुरू होताना क्षणभर कितीतरी पट करंट ओढते, फिरायला लागली की ती स्वतःच उलटा व्होल्टेज तयार करून करंट आवरते.

ज्या नव्या गाड्यांत पंख्याचा स्पीड कॉम्प्युटर ठरवतो तिथं मात्र असले उद्योग करू नका राव, तिथलं गणित वेगळं.

त्या दिवशी रस्त्यात मी रेडिएटरचं झाकण उघडायला हात घातला होता, मागच्या रिक्षावाल्यानं ओरडून थांबवलं. कोल्हापूर साडेपाचशे मीटर उंचीवर, इथं उघड्या भांड्यातलं पाणी 98 अंशालाच उकळतं. झाकणाच्या दाबाखाली तेच पाणी 110 ला पण गप बसतं, दाब सुटला की एकदम वाफ होऊन थेट तोंडावर.

काम संपल्यावर मामांनी गाडी चालू केली, पंखा लागला आणि त्यांनी कालचा 'पुढारी' फाडून एक पान जाळीपुढं धरलं. डीसी मोटर, प्लस-मायनस उलटं लागलं तर पंखा उलटा फिरून हवा पुढं फेकतो, मग रस्त्यावर येणाऱ्या वाऱ्याशीच त्याची मारामारी. पान बाहेर उडालं. मामा काही बोलले नाहीत, पंख्याच्या दोन वायरी अदलाबदल केल्या, परत धरलं. ह्यावेळी पान जाळीला असं चिकटलं की पंखा बंद होईपर्यंत सुटलं नाही.