बर्फाचा खण आणि डीप फ्रीझर वेगळे का, त्यामागची जुनी गोष्ट

जानेवारीत भद्रकालीत, गणेशवाडीत मटारच्या शेंगांचे ढीग लागले की नाशिकमधल्या कितीतरी घरांत एकच कार्यक्रम असतो, दहा-दहा किलो शेंगा आणायच्या, सगळ्यांनी टीव्हीसमोर बसून सोलायच्या आणि पिशव्या भरून फ्रीजच्या वरच्या खणात कोंबायच्या. मार्चमध्ये पिशवी काढली तर दाणे सुरकुतलेले, सगळ्याचा एक गोळा झालेला, उसळीत टाकले की साल वेगळी नि गर वेगळा. मग फ्रीज बिघडलाय असं ठरतं. बहुतेक वेळा फ्रीज ठणठणीत असतो, तो खण मुळात या कामासाठी बनवलेलाच नसतो, आणि हे कळायला जरा मागे जावं लागतं.

आपल्याकडे टिकवायचं म्हणजे वाळवायचं किंवा मिठात-तेलात मुरवायचं. कुरडया, सांडगे, आंबोशी, लोणचं. नाशिकचा उन्हाळा कोरडा, गच्चीवर चार दिवसांत सगळं कडकडीत व्हायचं, त्यामुळे थंडीत अन्न साठवायची गरजच कोणाला वाटली नाही. थंडी आली ती बर्फ म्हणून, चैन म्हणून. १८३३ साली बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने जहाजातून १८० टन नैसर्गिक बर्फ कलकत्त्याला पाठवला, चार महिने प्रवास करून त्यातला साधारण १०० टन शाबूत पोचला. पुढच्याच वर्षी तो मुंबईतही आला आणि तिथले व्यापारी जमशेटजी जीजीभॉय यांनी पाहुण्यांना आईस्क्रीम खिलवलं. एवढा बर्फ चार महिने टिकला कसा, तर लाकडाच्या भुशात. आपल्याकडे लादीवाला गोणपाट आणि भुसा गुंडाळून लादी आणायचा ना, तेच तंत्र. आज फ्रीझरच्या भिंतीत जो पफ, म्हणजे फुगीर फोम, भरतात तो त्याच भुशाचा वारस, थंडी तयार करण्याइतकंच ती आत कोंडून ठेवणं महत्त्वाचं.

आणि गंमत बघा, फ्रीझर बऱ्याच घरांत फ्रीजच्या आधीच पोचलेला होता, फक्त आपण त्याला पॉट म्हणायचो. अमेरिकेत नॅन्सी जॉन्सन नावाच्या बाईंनी १८४३ मध्ये हाताने फिरवायच्या आईस्क्रीम यंत्राचं पेटंट घेतलं, त्या यंत्राचं नावच फ्रीझर. आजीकडे असंच लाकडी पॉट होतं, मे महिन्यात काका लादी आणायचे, ती पोत्यात घालून बत्त्याने फोडायची, मधल्या डब्यात आटवलेलं दूध आणि भोवती बर्फ आणि खडेमीठ, आणि आम्ही पोरं आळीपाळीने हँडल फिरवायचो. मीठ घातलं की बर्फ वितळताना आणखी गार होतो, प्रमाण जमलं तर पार उणे २१ अंशांपर्यंत, म्हणजे आजच्या डीप फ्रीझरच्या उणे १८ पेक्षाही गार! फक्त लादी संपेपर्यंत.

अन्न गोठवून महिनोन्महिने ठेवायची कल्पना आपल्या हवेत सुचणं शक्यच नव्हतं, ती आली बर्फाळ प्रदेशातून. क्लॅरेन्स बर्डसाय हा अमेरिकन माणूस १९१२ ते १९१५ च्या सुमारास आता कॅनडात असलेल्या लॅब्राडॉरमध्ये राहिला. तिथले इन्युइट लोक कडाक्याच्या थंडीत मासा बाहेर काढायचे, तो वाऱ्यात जवळजवळ लगेच गोठायचा, आणि कित्येक आठवड्यांनी शिजवला तरी ताज्यासारखा लागायचा. बर्डसायच्या लक्षात आलं की नुसतं गोठणं पुरेसं नाही, ते झटपट व्हायला हवं. सावकाश गोठलं तर पाण्याचे मोठे अणकुचीदार स्फटिक होतात आणि पेशींच्या भिंती फाडतात, झटपट गोठलं तर बारीक होतात. मार्च १९३० मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या स्प्रिंगफील्ड गावात त्याचं फ्रोझन अन्न दुकानात विकायला आलं, त्यात मटारही होते.

हे नाशिककरांना समजावून सांगायची खरं तर गरज नाही. निफाडला पारा शून्याच्या आसपास गेला की द्राक्षबागायतदार रात्रभर बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबक सोडतात, ते याच भीतीने. पानावरचं दव गोठलं, पेशींतलं पाणी गोठलं की दुसऱ्या दिवशी पान करपल्यासारखं दिसतं. बागेत जे नको म्हणून आपण जागतो तेच वरच्या खणात मटारचं होत असतं, सावकाश.

अमेरिकेत सुद्धा हे सगळं एकदम घरात आलं नाही. १९३०-४० च्या काळात गावोगावी गोठवणीची लॉकर असायची, शेतकरी भाड्याने कप्पा घ्यायचे आणि मांस-भाज्या तिथे ठेवायचे, आपल्याकडे पिंपळगावच्या बाजूला द्राक्षं कोल्ड स्टोरेजला जातात साधारण तसंच. दुसऱ्या महायुद्धानंतर घरोघरी पेटीसारखे चेस्ट फ्रीझर आले.

आपल्याकडे गोदरेजने १९५८ मध्ये भारतात बनलेला पहिला फ्रीज काढला. एकच दार आणि वर ॲल्युमिनियमचा छोटा खण. तो खण म्हणजेच इव्हॅपोरेटर, त्याच्या पत्र्यातच थंडावा देणाऱ्या गॅसच्या नळ्या, आणि खालच्या सगळ्या फ्रीजला गारवा तिथूनच उतरायचा. काम दोनच, खालचं दूध गार ठेवणं आणि बर्फाचे ट्रे गोठवणं. आईने त्याला कायम बर्फाचा खण म्हटलं आणि तेच बरोबर होतं, फ्रीझर हे नाव आपण नंतर चिकटवलं.

मी चौथीत असताना आमच्याकडे त्या खणात इतका बर्फ साचला की ट्रे निघेना, मावशीने सुरी घालून टोचलं, एक बारीकसा फुस्स आवाज आला आणि दहा मिनिटांत बर्फ सुटायला लागला. सगळ्यांना आनंद झाला, पण गेला होता तो गॅस. तो पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाड असतो, म्हणून कळकळीने सांगते, बर्फाला सुरी-उलथणं कधीच लावू नका, बटण बंद करा, कोमट पाण्याचं पातेलं आत ठेवा आणि थांबा.

गॅसचीही स्वतंत्र कथा आहे. सुरुवातीच्या फ्रीजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असे विषारी गॅस असायचे, गळती होऊन माणसं मेली, म्हणून आईनस्टाईन आणि झिलार्ड या शास्त्रज्ञांनी १९२० च्या दशकात हलते भाग नसलेल्या फ्रीजचं पेटंट घेतलं होतं. मग १९३० च्या आसपास फ्रिऑन आला, तो विषारी नव्हता पण ओझोनचा थर खायला लागला, असे गॅस बंद करायला १९८७ चा माँट्रियल करार झाला, भारत १९९२ मध्ये त्यात आला. आता मागच्या स्टिकरवर आर६००ए दिसेल, हा आयसोब्युटेन, ज्वलनशील असतो पण अगदी थोडा भरलेला, दुरुस्ती मात्र जाणकाराकडूनच करून घ्या.

आता दुकानात सगळ्यात जास्त घोळ होतो तो तारे बघताना. बीईई या ऊर्जाबचतीच्या सरकारी संस्थेचे तारे २००६ पासून आले, ते विजेच्या बचतीचे. खणाच्या दारावर जे बर्फाच्या कणासारखे तारे असतात ते थंडीचे: एक तारा उणे ६, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८, आणि चार तारे म्हणजे उणे १८ राखून शिवाय ताजं अन्न गोठवायची ताकद. उणे ६ ला मटार आठवडाभर नीट राहतील, उणे १८ ला कित्येक महिने. फाइव्ह स्टार फ्रीजच्या खणाला एकच तारा असू शकतो, यात फसवणूक काहीच नाही, मोजमाप वेगळं आहे.

स्वतंत्र फ्रीझर घ्यायचा तर ग्लास टॉप घरी आणू नका, तो आईस्क्रीमच्या दुकानात माल दिसावा म्हणून असतो आणि काचेतून थंडी जाते. हार्ड टॉप, म्हणजे बिनकाचेच्या झाकणाचा घ्या. पेटीला वरून झाकण असल्याने गार हवा जड असून आतच बसते, उभ्या, कपाटासारख्या फ्रीझरची दार उघडलं की पायावर सांडते, पण कपाटात शोधाशोध कमी, जागा कमी. स्टिकरवर क्लायमेट क्लास टी असेल तर बाहेर ४३ अंशांपर्यंत चालतो, आपल्या एप्रिल-मेला तेच हवं. पेटीच्या बाजू गरम लागल्या तर घाबरू नका, नळ्या तिथेच असतात, फक्त भिंतीपासून वीतभर लांब ठेवा.

लोडशेडिंगच्या दिवसांत, जेव्हा गावाकडे तासन्‌तास लाइट नसायची, तेव्हा फ्रीझर घेणं वेडेपणा वाटायचा. पण गच्च भरलेला, न उघडलेला फ्रीझर साधारण ४८ तास गोठलेला राहतो, अर्धा भरलेला २४. म्हणून रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या ठेवायच्या, गळ्यापर्यंत न भरता, कारण पाणी गोठताना नऊ टक्के फुगतं.

मटार आम्ही आता असे करतो: उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग पंचावर कोरडे, मग ताटात एकाच थरात पसरून फ्रीझरमध्ये, कडक झाले की पिशवीत. उकळत्या पाण्याने दाण्यातली एन्झाइम्स थांबतात, नाहीतर थंडीतही रंग आणि चव जात राहते. जंतू मात्र गोठून मरत नाहीत, नुसते निपचित पडतात, तेव्हा एकदा वितळलेलं परत गोठवायचं नाही. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी मटार संपतात, पेटी रिकामी होते, खालचं बूच काढून पाणी सोडायचं, पुसून कोरडी करायची, आणि मग आमरसाचे डबे आत जातात.